सूचक, अनुमोदक

पंचफुला तागडे सरपंच झाली
तेव्हा खुर्चीच्या पाठीवर उपसरपंचाचा टॉवेल वाळत होता.
तिनं तो घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला
आणि मला म्हणाली, "साहेब, आता लिवा."

मी ग्रामसेवक. बोडेगावात नऊ वर्षं.
माझ्या अक्षराचं तालुक्यात नाव होतं;
लग्नपत्रिकांवरची नावंसुद्धा लोक माझ्याकडून घालून घेत.
मी लिहिलं:
सूचक, सौ. पंचफुला माणिक तागडे.
अनुमोदक,
आणि पेन तिथेच थांबलं.

पाणी आधी टोलीवर सोडायचं, असा ठराव होता.
नळाच्या शेवटच्या टोकाला.
मग चावडी, मग माडीची घरं.
"शेवटची बांधी भरली म्हंजे मधल्या कोरड्या राह्यत नाहीत,"
धानात जन्म गेलेल्या बाईचं गणित.
कोणी खोकलं. कोणी घड्याळ पाहिलं.
ढिवरांच्या शालिकनं हात वर केला,
अर्धाच, कानाच्या पाळीपर्यंत.
मी तो पूर्ण मोजला.

तलावाच्या मासेमारीचा लिलाव
पाटलांच्या ओसरीतून शाळेच्या पटांगणात आला.
नमुना आठवर घरधन्याशेजारी घरधनिणीचं नाव चढलं.
त्यात माझे दोन महिने गेले,
कारण दारोदार एकच उत्तर: "लिवा ना, गणपतची बायको."
एक बाई स्वतःचं नाव आठवत
सूप हातात धरून किती वेळ उभी राहिली.
मग एकदम हसली. "जिजा," म्हणाली. "मायी माय जिजा म्हने."

रात्री कंदिलाशी बसून
तिनं माझ्याकडून जुनी इतिवृत्तं वाचून घेतली,
मग माझ्यासमोर स्वतः वाचली, बोट ठेवून.
ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, विचारून विचारून भंडावलं.

बाटलीच्या मतदानात मात्र ती हरली.
आडव्या बाटलीला नऊ बाया कमी पडल्या.
त्याच दिवशी एक ट्रॅक्टर भरून बाया
दुप्पट मजुरीवर पलीकडच्या गावी रोवणीला गेल्या.
ट्रॅक्टर कुणाचा, हे माझ्या कुठल्याच वहीत नाही.

चौथ्या वर्षी, आखाडात,
सदस्य माझ्या खोलीवर आले. चपला बाहेर काढून आले.
कोरा कागद त्यांनीच आणला होता.
"पोरीची दहावी हाय ना यंदा?
बदली लय दूर होते कधी कधी."
मी लिहिलं. चिमणी भगभगत होती.
शिरोरेषा सरळ आली, एवढं आठवतं.

तहसीलदारांनी हात मोजले. सात.
सातवा शालिकचा,
या खेपेला कोपर ताठ करून, पूर्ण वर.
पंचफुला कागद वाचत होती,
सगळे उठले तरी वाचत होती.

पुढे पंचायत समितीला एक्केचाळीस मतांनी पडली.
त्याच्या पुढच्या वेळी तिला तिकीटच नव्हतं;
पक्षानं पोस्टरवर तिचा फोटो तेवढा मागितला.

व्हॉल्व्ह पुन्हा चावडीकडून फिरवायचा
असा विषय नंतर दोनदा आला म्हणतात.
दोन्ही वेळा सूचक मिळाला.
अनुमोदकाची जागा कोरी राहिली.

मी निवृत्त होऊन तिसरं वर्ष.
बुधवारच्या बाजारात ती शिंगाडे घेऊन बसते,
त्याच तलावाचे, उकडलेले, काळेभोर.
मला वाटलं ओळखणार नाही.
तिनं तराजू उचलला, पारडं स्थिर होऊ दिलं,
आणि वर न बघता म्हणाली,
"अविश्वासाच्या 'वि'ले तुमी दुसरी वेलांटी देली होती, साहेब.
पहिली पायजे."

मी पिशवी पुढे केली.
तिनं अर्धा किलो मोजून टाकले,
मग वर आणखी चार.